आठ सह्या

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी अख्खी शाळा तिला भोंगा म्हणायची. पहिलीत असताना वर्गात पाल निघाली तेव्हा ती अशी काही ओरडली, की समोरच्या सायकल दुकानातला माणूस हातात पाना घेऊन धावत आला होता. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती चौथीत होती आणि आवाज तसूभरही कमी झाला नव्हता. शिक्षक म्हणायचे, "जरा हळू." वडील म्हणायचे, "आमच्या डेपोतल्या बसचा हॉर्न बिघडला की हिलाच नेऊन बसवतो." ते बस डेपोत मेकॅनिक होते.

तिला हळू बोल असं कधीही न म्हणणारं शाळेत एकच माणूस होतं, चित्रकलेच्या बाई. बाई शाळेत येऊन दोन वर्षं झाली होती, पण त्या कायम नव्हत्या. दर वर्षी नेमणुकीचं नवीन पत्र मिळालं तरच राहायच्या. पोरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की बाई निळं झाड काढलं तरी झाडाला झाडच म्हणतात.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. बाई एकेका वर्गात आल्या आणि टेबलावर टेकून म्हणाल्या, "शाळेतलं सगळं मोठी माणसं ठरवतात, आणि तुम्हाला ते सगळ्यात शेवटी कळतं. बरोबर की नाही?"

"बरोब्बर!" पोरं ओरडली.

"आता आपण विद्यार्थी परिषद काढतोय. प्रत्येक वर्गातून दोघं, म्हणजे आठ जण. महिन्यातून दोनदा बसायचं आणि तुम्हाला जे खुपतं ते बोलायचं. मी ऐकेन आणि मोठ्या सरांपर्यंत नेईन."

"बाई, गृहपाठ खुपतो!" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. बाईंनी मात्र ते खरोखर कागदावर लिहून घेतलं, आणि भोंगाला त्या क्षणी वाटलं, की ह्या बाईंसाठी आपण काहीही करू.

खडूच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून मतपेटी झाली. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला दोन वाक्यं बोलायची होती. भोंगा म्हणाली, "मला जोरात बोलता येतं. तुम्ही मला सांगा, मी वर सांगीन." तेवढ्यावर ती निवडून आली आणि अध्यक्षही झाली. तिची जिवाभावाची मैत्रीण कायम तिच्या मागे मागे असायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत. निकाल लागला तेव्हा शेपूट भोंगापेक्षा जास्त नाचली. सचिव झाला तिसरीतला एक मुलगा. त्याचं अक्षर इतकं बारीक, की वहीवर मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसायची. त्याचं नाव आपसूकच मुंगी पडलं होतं.

त्या संध्याकाळी वडिलांनी ताट वाढून हाक मारली, "अध्यक्षबाई, हात धुवून या. की त्यालाही ठराव लागतो?"

आई सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. ती हसली, पण म्हणाली, "चेष्टा नका करू. चार पोरांनी विश्वास टाकलाय तिच्यावर."

परिषदेच्या बैठका चित्रकलेच्या खोलीत व्हायच्या. बुटक्या टेबलाभोवती आठ पोरं, मध्ये रंग सांडलेला कागद, खिडकीत काचेच्या बरण्यांत उभे केलेले ओले ब्रश. पहिल्याच बैठकीत भोंगाने मुलींच्या स्वच्छतागृहाची गोष्ट काढली. तिथल्या दाराला कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. मोठ्या मुलांनी दार ढकलून पळून जाण्याचा खेळच करून टाकला होता. शेपूटने तर शाळेत पाणी पिणंच सोडून दिलं होतं. पहिलीतल्या दोघांनी सांगितलं, की नळ फार उंच आहे, तोंड लावायला उडी मारावी लागते.

आठ दिवसांत दाराला कडी बसली. नळाखाली लाकडी पायरी आली. शिपाईमामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या परिषदेनं माझी पाठ मोडली बरं का." त्या दिवशी निम्म्या मुली काम नसताना आत जाऊन नुसती कडी सरकवून आल्या. खट्‌ असा आवाज यायचा आणि बाहेर हसू फुटायचं. भोंगा दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

चौथ्या बैठकीला मोठे सर स्वतः आले. ते बुटक्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. त्यांनी बिस्किटांचा डबा उघडून मध्ये ठेवला.

"तुमचं काम फार आवडलं मला," ते म्हणाले. "आता एक मोठी गोष्ट विचारतो. आपल्या शाळेला छानसं सभागृह मिळालं तर आवडेल? रंगमंच, लाल पडदा, वर पंखे?"

आठही हात वर गेले. पहिलीतल्या एकाने तर दोन्ही हात वर केले.

दुसरीतल्या एका मुलीचे पुढचे चारही दात पडले होते. तिने तोंडातलं बिस्किट गिळून विचारलं, "पण ते कुते होनार?"

मोठ्या सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई ब्रश पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "ते नंतर ठरेल, राणी."

मग बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'उपस्थिती' एवढंच लिहिलं होतं. खाली आठ जणांनी सह्या केल्या. भोंगाने हिरव्या स्केचपेनाने सही केली आणि टोकाला चांदणी काढली. पहिलीतल्या मुलाचं नाव एका ओळीत मावेना, म्हणून ते खालच्या ओळीत उतरलं. मुंगीने नेहमीप्रमाणे सगळं वहीत टिपलं.

पंधरा दिवसांनी पालकसभा होती. परिषदेच्या पोरांना पहिल्या रांगेत सतरंजीवर बसवलं होतं. मागे खुर्च्यांवर पालक होते. भोंगाचे आईवडील दोघंही सुट्टी काढून आले होते. मोठ्या सरांनी पडद्यावर शाळेचा नकाशा दाखवला. मागच्या मैदानावर एक तांबडा चौकोन होता. एका देणगीदाराला आपल्या आईच्या नावाने सभागृह बांधायचं होतं, आणि ते तिथेच होणार होतं.

भोंगाला आधी कळलंच नाही. मागचं मैदान म्हणजे शाळेचं एकुलतं एक मैदान. भिंतीवर चुन्याने काढलेला गोल तिथेच, सिमेंटचा मोठा पाइप तिथेच. शेपूट आणि तिने त्या पाइपात बसून तीन वर्षं डबे खाल्ले होते.

मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "सर, मग पोरं खेळणार कुठे? रस्त्यावर?"

अजून दोघंतिघं उठली. कुजबूज वाढली. मोठे सर शांतपणे हसले. "आपण भांडण्यापेक्षा ज्यांची शाळा आहे त्यांनाच विचारू या ना. आम्ही विचारलंय."

पडद्यावर दुसरं चित्र आलं. वर टाइप केलेलं होतं: 'आम्ही विद्यार्थी मागील मैदानावर सभागृह बांधण्यास आनंदाने संमती देत आहोत.' खाली आठ सह्या. सगळ्यात वरची हिरवी, चांदणीवाली. ती एवढी मोठी दिसत होती, की क्षणभर भोंगाला तिचा अभिमानच वाटला. मग तिने वरची ओळ वाचली. 'उपस्थिती' कुठेच नव्हतं. वाचून झाली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत नव्हती.

तिघं घरी आली. चपला काढता काढता आई म्हणाली, "माझ्या खिडकीवर अडाणी म्हातारीसुद्धा औषधावर काय लिहिलंय ते विचारून घेते. तू न वाचता सही केलीस?"

"वाचलं होतं," भोंगा म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की वडिलांनी चमकून वर पाहिलं. "वर 'उपस्थिती' लिहिलं होतं. बाईंच्या अक्षरात. ती टाइप केलेली ओळ नव्हतीच, आई. शप्पथ."

आई तिच्यासमोर खाली बसली. तिने लेकीचा चेहरा पाहिला, मग तिला जवळ ओढून घेतलं. "बरं. तुझं खरं आहे," ती म्हणाली, आणि त्यानंतर कुठे भोंगा रडली.

शाळेत मात्र शपथ चालली नाही. सकाळी शेपूटने दप्तर उचलून तिसऱ्या बाकावर नेलं.

"अगं, मी ते लिहिलेलं नाही," भोंगा म्हणाली.

"सही तुझीच आहे. चांदणीपण तुझीच. आमच्या मताचं काय केलंस तू? बिस्किटं खाल्लीस?"

बिस्किटांची गोष्ट भोंगानेच तिला त्या दिवशी मोठ्या खुशीत सांगितली होती. मधल्या सुट्टीत तिसरीची पोरं तिच्याभोवती फेर धरून "फितूर, फितूर" म्हणत नाचली. पहिलीतला मुलगा कोपऱ्यात रडत होता, कारण त्या सहीवरून त्याच्या ताईने त्याला घरी मारलं होतं.

भोंगा सरळ चित्रकलेच्या खोलीत गेली. बाई एकट्याच होत्या.

"बाई, तो कागद हजेरीचा होता ना?"

बाईंनी दार लोटून घेतलं. "हो," त्या म्हणाल्या.

"मग वर ते कोणी लिहिलं?"

"मी नाही गं. मी कागद ऑफिसात दिला. नोंदीसाठी हवाय म्हणाले. त्याचं पुढे असं होईल हे..." बाई थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. भोंगाने मोठ्या माणसाला शाळेत असं कधी पाहिलं नव्हतं. तिलाच वाईट वाटलं. तिने बाईंचा हात धरला.

"शनिवारी शाळा समितीची बैठक आहे," बाई म्हणाल्या. "पालकांनी तक्रार केली आहे. मी तिथे सांगते खरं काय ते. तू काळजी करू नकोस."

"नक्की?"

"नक्की."

भोंगाने धावत जाऊन परिषदेच्या सातही जणांना गाठलं. बाई सांगणार आहेत, शनिवारी सगळं मिटणार आहे. शेपूटलाही तिने खिडकीतून ओरडून सांगितलं. शेपूटने मान वर केली नाही, पण ऐकलं.

शनिवारी सकाळी ऑफिसात टेबलाभोवती समितीची सात माणसं होती. चार शाळेची, तीन पालकांची. पालकांच्या तिघांत भोंगाची आईही होती. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर होते. आठ पोरं कपाटाला पाठ लावून उभी होती. मुंगीच्या छातीशी वही होती.

इंजिनिअर साहेबांनी चष्मा लावून कागद पाहिला. "बाई, ह्या सह्या कशावर घेतल्या होत्या? ठरावावर की दुसऱ्या कशावर?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. भोंगा त्यांच्याकडे पाहून हसली, धीर द्यायला म्हणून. बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"बैठकीत चर्चा झाली होती," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी हात वर केले होते."

"ते झालं. सह्या ठरावावर झाल्या का?"

"हो," बाई म्हणाल्या. "मुलांनी आनंदाने पाठिंबा दिला."

"बाई!"

ती हाक शाळेच्या दोन्ही मजल्यांवर ऐकू गेली म्हणतात. इंजिनिअर साहेब दचकले. "बाळ, हळू," ते म्हणाले.

मुंगी पुढे आला. त्याने वही उघडली आणि नाकाजवळ धरून वाचली. मोठे सर सभागृहाबद्दल बोलले, दुसरीतल्या मुलीने विचारलं कुठे होणार, बाई म्हणाल्या ते नंतर ठरेल, मग हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या.

मोठे सर कौतुकाने म्हणाले, "तिसरीतल्या मुलाच्या मानाने फारच सुंदर नोंद. पण पोरांच्या वहीवर समितीने निर्णय घ्यायचा म्हणजे जरा..." आणि शाळेच्या बाजूची माणसं मंद हसली.

मग भोंगाची आई उठली. "सभागृहाची फाइल बघू द्या," ती म्हणाली. तिने ती आधीच मागवून ठेवली होती, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. रोज शेकडो चिठ्ठ्या वाचणारे तिचे डोळे. तिने चौथ्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, "'मैदानाच्या वापरात बदल करण्यास नियमानुसार विद्यार्थ्यांची सहमती आवश्यक. सबब शाळेत विद्यार्थी परिषद तातडीने स्थापन करावी.' खाली मोठ्या सरांची सही आहे." तिने तारीख दोनदा वाचली. बाई वर्गावर्गात येऊन परिषदेबद्दल बोलल्या त्याच्या दहा दिवस आधीची ती तारीख होती.

भोंगाला हे नीट समजायला थोडा वेळ लागला. ती कपाटाला टेकून उभी होती आणि एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरून जात होती. खडूचं खोकं, दोन वाक्यांचं भाषण, नळाखालची पायरी.

"म्हणजे कडीपण त्याच्यासाठीच बसवली?" तिने विचारलं.

इंजिनिअर साहेबांनी फाइल बंद केली.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. सभागृह होणार असं ठरलं. पालकांचा मान राखायचा म्हणून ते मूळ जागेपासून बारा फूट मागे सरकवलं, म्हणजे भिंतीलगत एक पट्टा उरला. त्यात धावायला सुरुवात केली की लगेच थांबावं लागायचं. सोमवारी खोदायला मशिन आलं. सिमेंटचा पाइप त्याने पहिल्याच दिवशी उचलून ट्रकमध्ये टाकला.

त्या दिवशी शेपूट आपलं दप्तर घेऊन परत आली. बाकावर सरकली आणि डब्यातली अर्धी पोळी भोंगाच्या डब्यात ठेवली. "मला आईने सांगितलं फाइलचं," ती खाली बघत म्हणाली. भोंगाने पोळी खाल्ली. पण "फितूर" म्हणणाऱ्यांत शेपूट नव्हती हे जसं तिला आठवत होतं, तसंच ती त्यांना थांबवायला आली नव्हती हेही आठवत होतं. दोघी पुन्हा बरोबर घरी जाऊ लागल्या, एवढंच.

आठही जणांनी परिषदेचे राजीनामे लिहिले. मुंगीने ते नीट उतरवून दिले. मोठ्या सरांनी ते वाचले आणि टेबलाच्या खणात ठेवले. "परिषद वर्षभराची असते," ते म्हणाले. दर्शनी फलकावर आठही नावं वर्षभर तशीच राहिली. पाहुणे आले की मोठे सर त्या फलकापाशी हटकून थांबायचे.

बाईंना कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. ते शिपाईमामांनी कोणालातरी सांगितलं आणि दोन दिवसांत पोरांपर्यंत आलं. भोंगाने चित्रकलेच्या तासाला जेवढं सांगितलं तेवढंच काढायला सुरुवात केली. पेला म्हटलं की पेला, झाड म्हटलं की हिरवं झाड. बाईंनी एकदा तिच्या कागदाशी थांबून विचारलं, "मनातलं काही काढायचं नाही का?" ती म्हणाली, "नाही."

परीक्षेच्या आधी एकदा बाईंनी तिला जिन्यात गाठलं. वरून पोरं धडाधड उतरत होती. बाई तिला भिंतीकडे घेऊन म्हणाल्या, "माझ्यावर रागावली आहेस, ते बरोबरच आहे. माझ्या आईचं दुखणं आहे, घरात मी एकटी कमावती. बैठकीआधी मोठ्या सरांनी ते पत्र टेबलावर ठेवूनच मला बोलावलं होतं. पण एक सांगू? तुमचं ऐकताना मी खोटं वागले नव्हते. कडी खरी होती गं. मी चार वेळा मागे लागून बसवून घेतली."

भोंगा बाईंच्या बोटांवरचा वाळलेला रंग पाहत होती.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "पत्राचं. आईच्या दुखण्याचं. मी घरी कुणाशीच बोलले नसते. मार खाल्ला असता तरी नाही."

बाईंनी तोंडावर हात दाबला. भोंगा जिना उतरून गेली. तिचं बोलणं खरं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागत होतं. ती बाईंच्या बाजूने उभी राहिली असती.

वर्ष संपलं. चौथीनंतर शाळा बदलणार होती. शेवटच्या दिवशी नव्या सभागृहात कार्यक्रम झाला. लाल पडदा होता, पंखे होते. पोरांनी वर बघून "आई गं" म्हटलं. भोंगालाही ते छान वाटलं, आणि छान वाटल्याचा तिला राग आला.

बाहेर पडताना मुंगी तिच्या मागे धावत आला. तो आता चौथीत जाणार होता. "ताई," तो धापा टाकत म्हणाला, "पुढच्या वर्षी परत निवडणूक आहे. मुलं म्हणतात, मी अध्यक्षाला उभं राहावं. राहू का?"

शेपूट पुढे जाऊन फाटकाशी थांबली होती. भोंगा मुंगीकडे बघत राहिली. त्याच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. तिला सांगायचं होतं, की नको राहूस, तुझे हातसुद्धा कोणीतरी मोजूनच वर करून घेईल. मग तिला पहिलीतली ती दोन चिमुकली पोरं आठवली, त्या दिवशी नळाशी पायरीवर उभी राहून पाणी पिणारी.

"राहा," ती म्हणाली.

"खरंच?"

"राहा म्हटलं ना."

तो खूश होऊन उड्या मारत परत गेला. फाटकापर्यंत चालत जाताना भोंगाच्या मनात एकच घोळत होतं, बाईसुद्धा परिषदेचं आपल्याला असंच, चांगल्या मनानेच म्हणाल्या असतील का? तिने वळून पाहिलं. मुंगी दिसेनासा झाला होता. शेपूटने हाक मारली, तेव्हा ती निघाली.